पात्याचें पाणी

आश्विन लागला, कीं वाशीम जिल्ह्यांतील सोयाबीनचीं शेतें पिवळीं पडूं लागतात आणि शेतकऱ्याच्या हातीं फार थोडे दिवस उरतात. शेंग जरा अधिक वाळली तर ती झाडावरच तडकते आणि वर्षाची कमाई दाण्यादाण्यानें भुईवर सांडते. यंत्रानें कापणी होऊं लागली असली, तरी लहान शेतांतून विळा अद्याप सुटलेला नाहीं. म्हणून या दिवसांत वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत त्या साध्या अवजाराचें महत्त्व एकाएकीं वाढतें. वऱ्हाडी बोलींत त्याला इळा म्हणतात. धारेचा विळा एका ओढींत बुंधा कापतो. बोथट विळा झाडाला हिसका देतो, आणि प्रत्येक हिसक्याबरोबर चार दाणे कमी होतात.

असा विळा आठवडी बाजारांत घेतांना गिऱ्हाईक त्याचा आकार पाहतें, मूठ पाहतें, पात्यावर नखानें टिचकी मारून नाद ऐकतें, आणि शेवटीं एकच प्रश्न विचारतें, ‘पानी बराबर देल्लं ना, भाऊ?’ शहरांतील गृहिणीला हा प्रश्न विचारण्याची सवय राहिलेली नाहीं. परंतु तिच्या स्वयंपाकघरांतील विळीच्या, किंवा वऱ्हाडांत म्हणतात त्या पावशीच्या, पात्याचें सारें भवितव्य याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें. नवी सुरी महिन्याभरांत बोथट कां होते? दुसरी एखादी नारळावर पडतांच तिच्या धारेचा तुकडा कां उडतो? आणि आजोबांच्या वेळची काळपट विळी चाळीस वर्षें झिजूनही धार कशी धरते? तिन्ही प्रश्नांचें उत्तर पात्याच्या पाण्यांत आहे.

मराठींत पाणी हा शब्द मोठ्या मानाचा आहे. मोत्याला पाणी असतें, तरवारीला असतें, माणसालाही असतें. कोणाचें पाणी जोखावें लागतें, कोणाला प्रसंगीं पाणी दाखवावें लागतें. आणि एखाद्याची मानखंडना झाली, तर त्याचें पाणी उतरलें असें लोक म्हणतात. लोहाराच्या ऐरणीपाशीं या शब्दांना अगदीं नेमका अर्थ आहे. तेथें पाणी देणें म्हणजे लाल तापलेलें पातें एकदम थंड करून तें कठीण करणें, आणि पाणी उतरवणें म्हणजे त्या काठिण्याचा थोडा भाग समजून उमजून परत घेणें. पहिल्या क्रियेचा बोलबाला फार. दुसरीकडे मात्र दुर्लक्ष होतें. बिघडलेल्या पात्यांपैकीं पुष्कळ पातीं या दुर्लक्षामुळें बिघडलेलीं असतात.

पाण्याच्या या नांवामुळें एक गैरसमजही रूढ झाला आहे. अमक्या विहिरीच्या किंवा तमक्या नदीच्या पाण्यांत पातें बुडविलें तर धार उत्तम येते, अशी समजूत जगांत अनेक ठिकाणीं आढळते. स्पेनमधील टोलेडो शहराच्या तरवारींचें श्रेय लोक ताहो नदीच्या पाण्याला देत असत. या समजुतींत सत्याचा अंश एवढाच, कीं खारें पाणी गोड्या पाण्यापेक्षां पात्याची उष्णता लवकर ओढून घेतें. एरव्हीं पाणी हें केवळ थंड करण्याचें साधन. काठिण्य पाण्यांतून पात्यांत शिरत नाहीं. तें पोलादांत आधींच दडलेल्या एका पदार्थामुळें येतें. तो पदार्थ म्हणजे कर्ब, म्हणजेच कोळशाचें मूलद्रव्य.

विदर्भाच्या भूमीला लोखंडाची ओळख फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यांतील नैकुंड येथें १९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननांत लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सांपडली, आणि माहुरझरीसारख्या ठिकाणच्या शिलावर्तुळांतून लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांचे लगाम निघाले. वाशीमच्या दक्षिणेस पैनगंगा ओलांडून पुढें गोदावरीपलीकडे गेलें, म्हणजे निजामाबाद जिल्ह्यांत कोनसमुद्रम् हें गांव लागतें. बंद मुशींत लोखंड वितळवून तेथें होणारें पोलाद घेण्यासाठीं इराणचे व्यापारी येत असत. या कारागिरांना हातांतील लोखंडाचा गुण ठाऊक होता. त्या गुणाचें कारण मात्र पुष्कळ उशिरां कळलें. लोखंड आणि पोलाद यांतील भेद कर्बामुळें होतो, हें १७८६ मध्यें मोंज, बेर्तोले आणि वांदरमोंद या तीन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. पुढें १८६३ च्या सुमारास इंग्लंडांत शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यानें पोलादाचा घासून चकचकीत केलेला तुकडा आम्लांत धुऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला, तेव्हां त्या चकचकीत पृष्ठाच्या आंत रव्यांचें आणि थरांचें एक निराळेंच जग मनुष्याला दिसलें.

या जगांत घडतें काय? साध्या लोखंडांत कर्ब शेंकडा पाव भागापेक्षांही कमी असतो. असें लोखंड कितीही तापवून पाण्यांत बुडविलें तरी पात्याला लागणारें काठिण्य त्यास येत नाहीं. सुरीच्या पोलादांत कर्ब शेंकडा ०·६ ते १ भाग असतो. वजनाच्या शंभर भागांत एखादाच भाग, पण सारें रहस्य त्यांत. थंड पोलादांत हा कर्ब लोखंडाशीं संयोग पावून बारीक थरांच्या रूपानें निराळा राहतो. उष्णतामान ७२७ अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें, कीं लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते, त्यांच्यामधील जागा अधिक ऐसपैस होतात, आणि कर्ब त्यांत विरघळतो. आतां हें पोलाद सावकाश निवालें, तर कर्बाला बाहेर पडण्यास वेळ मिळतो आणि पोलाद पुनः मऊ होतें. तें एकदम निवविलें, तर लोखंड आपली जुनी मांडणी धरूं पाहतें, पण आंत अडकलेला कर्ब वाट अडवून बसतो. जत्रेच्या गर्दींत धर्मशाळेचे दरवाजे अकस्मात् मिटावे आणि आंतील माणसांना हातपाय हलविण्यास जागा राहूं नये, तशी ही अवस्था होते. या कोंडमाऱ्यालाच काठिण्य म्हणतात. अशा रचनेला जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स याच्या सन्मानार्थ १८९५ मध्यें मार्टेन्साइट हें नांव देण्यांत आलें.

लोहाराच्या हातीं हें सारें एका दृष्टीच्या बळावर चालत आलें आहे. पातें भट्टींत तापतांना प्रथम काळसर लाल, मग गडद लाल, मग पिकल्या बोराच्या रंगाचें आणि पुढें नारिंगी होतें. यांपैकीं एका विशिष्ट छटेवर तें बाहेर काढावयाचें असतें. लोहाराची पडवी काळोखी असते ती केवळ गरिबीमुळें नव्हे. तो काळोख हेंच त्याचें मापनयंत्र. भर दुपारच्या उन्हांत जें पातें काळें भासतें, तेंच सावलींत लाल दिसतें. रस्त्याकडेला पाल ठोकून काम करणाऱ्या घिसाड्याची अडचण येथेंच आहे. त्याची कारभारीण उभी राहून घण घालते, तो सांडशीनें पातें फिरवितो, आणि दोघांच्या डोक्यावर उघडें आकाश असतें. सकाळीं दिलेलें पाणी आणि दुपारीं दिलेलें पाणी यांत फरक पडला, तर त्यांत कसबाचा दोष थोडा आणि सूर्याचा अधिक असतो.

या दृष्टीला मदत करणाऱ्या दोन जुन्या युक्त्या आहेत. लोखंड सुमारें ७७० अंशांपर्यंत तापलें, कीं लोहचुंबक त्यास धरीत नाहीं. चुंबकानें सोडलेलें पातें आणखी थोडें तापवावें, म्हणजे योग्य वेळ येते. दुसरी युक्ति घरच्या मिठाची. शुद्ध मीठ ८०१ अंशांवर वितळतें. तापल्या पात्यावर टाकलेली चिमूट वितळून पाण्यासारखी पसरली, तर उष्णतामान तेथवर पोंचलें असें समजावें. या युक्त्यांनीं उंबरठा ओलांडल्याचें कळतें. पण तो किती ओलांडला, हें कळत नाहीं. आणि अडचण नेमकी तेथेंच आहे. उष्णता कमी पडली तर कर्ब पुरता विरघळत नाहीं आणि पातें मऊ राहतें. ती फार झाली तर पोलादाचे रवे मोठे होतात. असें पातें कठीण दिसतें, परंतु आघात होतांच मोडतें, आणि मोडलेल्या जागीं जाड साखरेसारखे दाणे चकाकतात. चांगल्या पात्याची मोड मात्र राखेसारखी बारीक आणि निस्तेज असते.

या ठिकाणीं विजेची भट्टी उपयोगी पडते. तिचें स्वरूप साधें आहे. उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या पांढऱ्या विटांची पेटी, विटांच्या खांचांतून फिरविलेली तारेची वेटोळीं, पुढें दार, आणि मागच्या भिंतींतून आंत डोकावणारी एक कांडी. विजेच्या प्रवाहानें तार तापते. लाल होऊनही लवकर न जळणारी निकेल आणि क्रोमियम यांची तार अमेरिकेंत आल्बर्ट मार्श यानें शोधून काढली व तिचें पेटंट १९०६ मध्यें मिळालें. त्यानंतरच अशा भट्ट्या सुलभ झाल्या. कांडींत दोन निरनिराळ्या मिश्रधातूंच्या तारा टोंकाशीं जोडलेल्या असतात. दोन धातूंचा सांधा तापला, कीं वीज उत्पन्न होते, हें १८२१ मध्यें झेबेक यानें दाखविलें होतें. ती अल्पशी वीज मोजून भट्टीवरील पेटी आंतलें उष्णतामान अंकांनीं दाखविते, आणि ठरविलेला अंक आला, कीं तारेचा प्रवाह आपोआप तोडते व जोडते. लोहार डोळ्यांनीं जें अजमावितो तें येथें अंकांत वाचतां येतें.

आतां या भट्टींतून एका पात्याचा प्रवास पाहावा. समजा, ०·८ टक्के कर्बाच्या पोलादाची स्वयंपाकघरांतील सुरी आहे. ऐरणीवर घडवितांना तिचे रवे लहानमोठे झालेले असतात आणि ठोक्यांचा ताण आंत सांचलेला असतो. म्हणून प्रथम तिला ८७० अंशांपर्यंत तापवून वाऱ्याच्या झोताविना मोकळ्या हवेंत निवूं द्यावें, आणि मग थोडें थोडें उष्णतामान उतरवीत हीच क्रिया आणखी दोनदां करावी. यानें रवे बारीक व सारखे होतात. अनुभवी कारागीर ही पायरी कधीं गाळीत नाहीं. कारण पुढें वांकडीं होणारीं पातीं बहुधा येथेंच बिघडलेलीं असतात. या वेळेपर्यंत धार काढलेली नसते. धारेची कड एखाद्या पातळ नाण्याएवढी जाड ठेवावी, कारण पातळ कड आधीं तापते, आधीं जळते आणि आधीं वांकते.

मग भट्टी ८०० ते ८१५ अंशांवर स्थिर करावी आणि नंतरच सुरी आंत ठेवावी. थंड भट्टींत सुरी ठेवून दोन्ही एकदम तापवूं नयेत. तापल्या हवेंतील प्राणवायु पोलादाच्या पृष्ठावरील कर्ब खातो, आणि जितका वेळ अधिक तितकी ही हानि अधिक. तिच्यापासून बचाव म्हणून पात्यावर पातळ मातीचा लेप देतात. सुरी विटेच्या खांचेंत पाठीवर उभी ठेवावी. आडवी पडली तर स्वतःच्या भारानें ती वांकते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. भट्टीवरचा अंक कांडीच्या टोंकाचें उष्णतामान सांगतो, पात्याचें नव्हे. प्रारंभीं लाल भिंतीपुढें सुरी काळी दिसते. हळूहळू ती लाल होते. आणि एक क्षण असा येतो, कीं तिचा रंग भिंतीच्या रंगाशीं एकरूप होऊन ती जणूं दिसेनाशी होते. तेथून पांच ते दहा मिनिटें मोजावीं. म्हणजे अंक भट्टी दाखविते, पण वेळ डोळ्यानेंच ओळखावी लागते.

याच्या पुढचा एक क्षण सर्वांत नाजूक आहे. दार उघडण्यापूर्वीं वीज बंद करावी, कारण लोखंडी सांडशी तापल्या तारेला लागली तर झटका बसूं शकतो. सुरी काढून शेजारीं ठेवलेल्या तेलांत ती सरळ, टोंक खालीं करून, विलंब न लावतां बुडवावी. साध्या कर्बाच्या पोलादाला सुमारें ५४० अंशांच्या खालीं उतरण्यास सेकंदाहूनही कमी अवधि मिळतो. तेवढ्यांत तें उतरलें नाहीं, तर कर्ब निसटतो आणि पातें मऊ राहतें. तेलांत सुरी पुढें-मागें, कापण्याच्या दिशेनें हलवावी. आडवी हलविल्यास एक बाजू आधीं निवते आणि पातें धनुष्यासारखें वळतें. तेल बाहेर काढल्यावर पातें अजून दोनशे अंशांच्या वर असेल, तर किंचित् वांक दोन फळ्यांमध्यें दाबून सरळ करतां येतो. कर्बाचा कोंडमारा पुरता होण्यापूर्वींचे तेवढे कांहीं सेकंद कारागिराचे असतात. ते गेले, कीं वांकडें पातें सरळ करूं जाणारा तें मोडूनच बसतो.

तेल कोणतें असावें? कारखान्यांत यासाठीं खास तेलें असतात. लहान कामाला घरचें खाद्यतेलही चालतें, आणि वाशीम जिल्ह्यांत तर सोयाबीनचें तेल दुर्मिळ नाहीं. ज्या पिकाच्या कापणीसाठीं विळा घडतो, त्याच पिकाच्या तेलांत त्याला पाणी देतां येतें. तेल ५० ते ६० अंश कोमट असावें. कोमट तेल पातळ होऊन पात्याला लवकर भिडतें. पाणी तेलापेक्षां फार झपाट्यानें थंड करतें. त्यांत पातें तडकण्याचें भय असतें, आणि ‘टण्’ असा बारीक आवाज झाला, कीं कित्येक तासांची मेहनत संपली असें समजावें. तेलाचें भय निराळें आहे. तें जाड धातूच्या उंच भांड्यांत, चार-पांच लिटरांहून कमी नाहीं असें घ्यावें. त्यांत पाण्याचा थेंबही नसावा. पातें अर्धवट बुडवून ठेवूं नये, नाहीं तर पृष्ठावर ज्वाळा उठते. आणि भांड्यावर बसणारें झांकण हाताशीं असावें. पेटलेल्या तेलावर पाणी ओतणें म्हणजे घर पेटविणें होय. हें काम स्वयंपाकघरांत करण्याचें नव्हे. उघड्या जागीं, सुती कपडे, हातमोजे आणि चष्मा घालूनच तें करावें.

तेलांतून निघालेली सुरी निवल्यावर तिच्यावर कानस फिरवून पाहतात. पाणी बरोबर बसलें असेल, तर कानस कांचेवरून घसरावी तशी घसरते. रॉकवेल नांवाच्या काठिण्यमापक यंत्रावर अशा पात्याचा अंक ६५ च्या आसपास येतो. पाहणाऱ्याला वाटतें, काम झालें. वस्तुतः या क्षणीं ती सुरी सर्वांत कुचकामाची असते. हातून फरशीवर पडली तर तिचे दोन तुकडे होतील. रात्रभर तशीच ठेवली तर आंतल्या ताणानें ती आपली आपणच तडकण्याचा संभव असतो.

आतां पाणी उतरवावयाचें असतें. सुरी तासाभराच्या आंत २०० अंशांच्या उष्णतेंत दोन तास ठेवावी, निवूं द्यावी, आणि पुनः दोन तास ठेवावी. कोंडलेल्या कर्बापैकीं थोडा या सौम्य उष्णतेनें मोकळा होतो, ताण सैल पडतो. काठिण्य ६५ वरून ६० च्या आसपास उतरतें, परंतु चिवटपणा कितीतरी वाढतो. परंपरेनें लोहार हेंच काम रंगांवरून करीत आला आहे. विळ्याची धार तेवढी बुडवून तो ती दगडानें घासून उजळतो आणि पाठींत उरलेली उष्णता धारेकडे येतांना पाहतो. स्वच्छ पोलादावर सुमारें २२० अंशांला फिकट गवती रंग चढतो, २४० ला गडद गवती, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. इष्ट रंग धारेपाशीं आला, कीं तो पातें पुनः बुडवितो. वहाणेच्या ठोक्याएवढ्या अवधींत घडणारी ही क्रिया डोळ्यांच्या कसबाची परिसीमा आहे. परंतु त्या अवधींत उष्णता पृष्ठाला रंग देते आणि पोलादाला पुरेसा वेळ मात्र देत नाहीं. चार तासांची सावकाश शेक जें करते, तें चार सेकंदांचा रंग तितकें करूं शकत नाहीं.

किती पाणी उतरवावें, हें अवजाराच्या कामावर ठरतें. भाजी चिरणाऱ्या सुरीला आघात सोसावा लागत नाहीं. तिला २०० अंश पुरेत. विळ्याला वाळलेला बुंधा, मातींतला खडा आणि कधीं बांधावरचा दगडही भेटतो. त्याला २५० च्या आसपास न्यावें. कुऱ्हाडीला आघात हेंच काम. ती २८० पर्यंत उतरवावी. सर्वांनाच सारखें पाणी ठेवणारा कारागीर कोणालाच न्याय देत नाहीं. लोकव्यवहारांत पाणी उतरणें ही नामुष्की असली, तरी पात्याच्या बाबतींत तोच शहाणपणा आहे.

येथें भट्टीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आपल्यांत ठेवलेलें पोलाद कोणतें आहे, हें भट्टीला कळत नाहीं. ग्रामीण लोहार बहुधा मालमोटारींच्या जुन्या कमानींचे पाटे वापरतो. हें पोलाद चांगलें असतें. पण त्यांत कर्ब ०·६ टक्क्यांच्या आसपास असून सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम यांचाही अंश असतो. त्याला ८१५ अंश अपुरे पडतात. ८३० पासून ८७० पर्यंत जावें लागतें, आणि त्याला पाण्यापेक्षां तेल मानवतें. एकाच ढिगांतील दोन पाटे दोन जातींचे निघूं शकतात. यावर उपाय एकच. प्रत्येक पाट्याचे लहान तुकडे कापून निरनिराळ्या उष्णतामानांवर पाणी द्यावें, मोडून त्यांचे रवे पाहावे, आणि ज्यावर मोड सर्वांत बारीक दिसेल तो अंक त्या पाट्यावर खडूनें लिहून ठेवावा. ही परीक्षा लोहाराच्या बापजाद्यांनींही केली असेल. पण तिचें फळ त्यांच्या डोळ्यांबरोबर गेलें. अंक मात्र मुलाला देतां येतो, शेजाऱ्याला सांगतां येतो, वहींत राहतो.

दुसरी मर्यादा विजेची. घरगुती २३० व्होल्टच्या आणि १५ अँपिअरच्या जोडणीवर साधारण तीन किलोवॅटची भट्टी चालते; ती पूर्ण जोरानें तासभर चालली तर सुमारें तीन युनिट वीज घेते. खर्च त्या मानानें अल्प आहे, पण पुरवठा अखंड हवा. तापवितांना वीज गेली तर फारसें बिघडत नाहीं. पुनः तापवितां येतें. तेलांतून काढल्यावर आणि पाणी उतरविण्यापूर्वीं ती गेली, तर मात्र पातें तसेंच ठेवूं नये. कढईंत वाळू तापवून, तींत उष्णतामापक खोवून, १५० अंशांच्या आसपास तें पुरून ठेवावें, म्हणजे धोका टळतो.

तिसरी मर्यादा पैशाची. एका गांवच्या लोहाराला वर्षांतून कांहीं आठवडेच असें काम असतें, आणि फिरत्या घिसाड्याला तर भट्टी गाडीवर घालून नेतां येत नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेंत लोहार हा १८ व्यवसायांपैकीं एक आहे. तींत अवजारांसाठीं १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. चार-सहा लोहारांनीं मिळून तालुक्याच्या गांवीं एक भट्टी ठेवली, आठवड्याचीं घडविलेलीं पातीं एके दिवशीं तिच्यांतून काढलीं, तर खर्च वांटला जाईल आणि प्रत्येकाची ऐरण आपापल्या जागीं राहील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटरच्या शिक्षणक्रमांत पोलादाला पाणी देण्याचा धडा असतो. ज्या मुलाच्या घरीं ऐरण आहे, त्याला तो धडा पुस्तकी वाटण्याचें कारण नाहीं.

या सर्वांत शहरांतील घरांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध गिऱ्हाइकाचा आहे. पारख करणारें गिऱ्हाईक नाहींसें झालें, कीं चांगला कारागीरही नाहींसा होतो. म्हणून कर्बाच्या पोलादाची विळी किंवा सुरी घरांत असेल, तर तीन गोष्टी पाळाव्या. लिंबू, चिंच, कांदा चिरल्यावर तिला लगेच धुऊन कोरडी करावी. तिच्यावर चढणारी करडी छटा हा दोष नसून गंजापासून रक्षण करणारें आवरण आहे, तें घासून काढूं नये. ती गॅसच्या ज्वाळेवर कधीं धरूं नये. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. धार लावणारा दारावर येऊन सुके चाक फिरवितो, ठिणग्या उडतात, मुलें गोळा होतात, आणि धारेच्या कडेवर सुंदर निळा रंग उमटतो. तो रंग दिसला, कीं तेवढ्या भागाचें पाणी गेलें असें निश्चित समजावें. कारण निळा म्हणजे तीनशे अंश. अशी सुरी त्या दिवशीं चांगली कापते आणि आठवड्यांत बोथट होते. दोष मात्र बिचाऱ्या लोहाराच्या माथीं बसतो. पातें वारंवार पाण्यांत बुडवीत धार लावण्यास सांगावें, किंवा ओल्या दगडावर ती घरींच लावावी.

नवी विळी घेतांना दुकानदाराला विचारावें, कीं ती कोणत्या पोलादाची आहे, तिला पाणी कशांत दिलें, आणि तें किती उतरविलें. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कदाचित् मिळतील. तिसऱ्याचें उत्तर जेथें न अडखळतां मिळेल, तेथली विळी घ्यावी. कारण पाणी उतरविण्याचा हिशेब ज्याला सांगतां येतो, त्यानें पातें घडवितांना तें वापरणाऱ्याचा हात आणि त्याचें काम यांचाही विचार केलेला असतो. कापणीच्या दिवसांत वाशीमच्या शेतांत वांकून विळा चालविणाऱ्या मजूर स्त्रीला कर्बाचें आणि अंशांचें गणित ठाऊक नसतें. तिला एवढेंच कळतें, कीं या विळ्यानें हात दुखत नाहीं आणि शेंग सांडत नाहीं. पात्याला दिलेलें आणि त्याच्याकडून परत घेतलेलें पाणी बरोबर होतें, याला याहून मोठा पुरावा नाहीं.